बिनपडद्याचे यंत्र आणि माझी लेखी हरकत

ज्या ठरावामुळे आमच्या वाचनालयाची खोली हातची जाण्याची वेळ आली, त्या ठरावाचा मसुदा माझाच होता, हे आरंभीच कबूल करून ठेवतो. कबुली आधी दिली की उलटतपासणीत फजिती कमी होते, एवढे मी जिल्ह्यातील निरनिराळ्या न्यायालयांत नाझर म्हणून काढलेल्या बत्तीस वर्षांत शिकलो आहे. समन्स बजावले गेले की नाही, जप्तीचा माल नीट मोजून घेतला की नाही, हे पाहणे नाझराचे काम. मी ते पाहत आलो आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही. गाव देऊळघाटच्या पलीकडे आहे. त्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर ग्रामपंचायत खुलासा मागेल, मी तो सविस्तर देईन, आणि मूळ हकीकत बाजूला राहील.

ग्रामपंचायतीच्या कचेरीला लागून एक खोली आहे. त्या खोलीत वाचनालय आहे आणि मी त्याचा चिटणीस. सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत तिथे नऊ मुली अभ्यासाला बसतात. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, जी जाहिरात निघेल तिची तयारी करतात. त्यांच्यात सर्वांत हुशार जी आहे, तिच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे, एक शिलाई मशीन आणि कधीही बंद न होणारा टीव्ही. तिच्यापुरते बोलायचे तर ही खोली म्हणजेच तिची परीक्षा.

सरपंचांना त्याच खोलीत व्यायामशाळा हवी होती. माणूस वाईट नाही. तरुणपणी कुस्त्या मारल्या आहेत आणि गावातील पोरांची पोटे पाहून त्यांना मनापासून दुःख होते. सभेत कोणीतरी म्हणाले की हल्ली सगळी वाचनालये संगणकावर गेली, आपलेच अजून कपाटात आहे. त्यावर असे ठरले की वाचनालयाने दोन महिन्यांत पुस्तकांची यादी संगणकावर करून दाखवावी, नाहीतर खोली व्यायामशाळेला. ग्रामसेवक माझ्याकडे वळून म्हणाले, "नाझरसाहेब, तुमच्या भाषेत लिहून द्या. आमचं लिहिलेलं वर गेलं की परत येतं."

मी लिहून दिले. 'वाचनालयाने आपली संपूर्ण ग्रंथसूची संगणकावर, चालू स्थितीत, पंचांसमक्ष पडद्यावर दाखवावी. तसे न झाल्यास सदर खोली कोणतीही सबब न ऐकता व्यायामशाळेकडे वर्ग करण्यात यावी.' 'कोणतीही सबब न ऐकता' हे शब्द मला लिहिता लिहिता सुचले आणि त्या दिवशी त्यांचा मला अभिमानही वाटला.

घरी येऊन बायकोला वाचून दाखवले. ती तूर निवडत होती. म्हणाली, "वा. दुसऱ्याच्या दाराले कुलूप लावता लावता सोताचंच बोट अडकवून घेतलं."

तेव्हा मला ते पटले नाही. पटले ते यंत्र आल्यावर.

यंत्राची व्यवस्था सूनबाईने केली होती. सूनबाईचे माहेर सुलतानपूरचे. ती बुलढाण्याला एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवते आणि रोज एसटीने जाऊन येऊन करते. पुण्याच्या एका कचेरीने आपले जुने सर्व्हर शाळा-वाचनालयांना वाटायला काढले होते. त्यातला एक तिने आमच्यासाठी मागून घेतला. सर्व्हर म्हणजे सगळी पुस्तकयादी पोटात ठेवून, जो विचारील त्याला सांगणारा मोठा संगणक. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तो आला. खोका मी पंचनाम्याच्या पद्धतीने, दोन शेजाऱ्यांना साक्षीला बसवून उघडला. आत एक काळी, चपटी, जड पेटी, एक वायर आणि थर्माकोल. पडदा नव्हता.

मी त्याच दुपारी पुण्याला पत्र लिहिले. देणगीदाखल पाठविलेल्या संगणकासोबत पडदा, कळफलक व उंदीर यांपैकी काहीही प्राप्त झालेले नाही, सबब उर्वरित वस्तू परतटपाली पाठवाव्यात. उत्तर आठ दिवसांनी आले. त्यात लिहिले होते की सर्व्हरला पडदा नसतो. मी दुसरे पत्र लिहिले: नसतो म्हणजे तो आपल्याकडे नाही, की आपण तो ठेवून घेतला, याचा स्पष्ट उल्लेख करावा. त्याचे उत्तर आले नाही. त्या पत्राची स्थळप्रत माझ्याकडे आहे.

सूनबाई संध्याकाळी घरी आली तेव्हा तिला मी दोन्ही स्थळप्रती दाखवल्या. तिने वाचल्या, पर्स खाली ठेवली आणि पाणी प्यायली.

"मामाजी, त्यांनी काही ठेवून नाही घेतलं. या पेट्या अशाच असतात. त्यांच्यासमोर बसून कोणी काम करत नाही. आपण आपल्या लॅपटॉपवरून तिला लिहून विचारायचं, ती लिहून उत्तर देते. चित्र नाही, बटणं नाही, काही नाही. फक्त अक्षरं."

"म्हणजे सगळा व्यवहार लेखी?"

"सगळा."

त्या क्षणी त्या पेटीबद्दल माझे मत बदलले. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की फोनवर बोलू नका, लिहून द्या. ऐकणारे हे पहिलेच भेटले होते. पूर्वी कधीकधी घराबाहेर न पडणाऱ्या साक्षीदाराकडे न्यायालय लेखी प्रश्नावली पाठवी आणि तिकडून लेखी उत्तरे येत. तो कागद मी कितीदा पोचवला आहे. हे तसेच. मी पेटी बैठकीतल्या टेबलावर ठेवली, खाली सतरंजीची घडी घातली आणि वायर लावली. ती सुरू झाली तसा असा घरघराट उठला की थोड्याच वेळात शेजारची बाई गव्हाचा डबा घेऊन दारात उभी राहिली.

"काकू, गिरणी कधी टाकली वं तुमी?"

"गिरणी नाई माय," बायको म्हणाली, "हे वाचनालय दळून राह्यले."

मग सुरू झाले ते यादीचे सॉफ्टवेअर पेटीत बसवण्याचे काम. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचे, लहान वाचनालयांना मोफत. सूनबाईने लॅपटॉपवरून पेटीला हुकूम दिला. पेटीने थोडा विचार केला आणि एक ओळ लिहून थांबली. ओळीचा अर्थ असा की पडदा उघडता येत नाही, सबब पुढील कारवाई करता येत नाही.

"पाहा," मी म्हणालो, "यंत्राने स्वतः लेखी कबूल केले की पडदा नाही." मी ती ओळ आवक नोंदवहीत उतरवली, क्रमांक दिला, आणि पुण्याच्या तिसऱ्या पत्राला तीच पुरावा म्हणून जोडण्याचे ठरवले.

सूनबाईने कपाळावर हात फिरवला. तिचे म्हणणे असे पडले की सॉफ्टवेअर बसवणारा भाग चित्रांची खिडकी उघडून, बटणे दाखवून प्रश्न विचारू पाहतो. पेटीला खिडकीच नाही, म्हणून तो दारातच मरतो. तिने दोन संध्याकाळी निरनिराळे उपाय केले. पेटीची खिडकी लॅपटॉपवर उघडून पाहिली. ती उघडायला इतका वेळ लागला की अर्धे बटण दिसले आणि वीज गेली. वीज आल्यावर उरलेले अर्धे दिसले नाही. शेवटी माहितीपत्रकाच्या तळाशी तिला सापडले की एक शब्द जास्त लिहिला की तोच भाग खिडकी न मागता साध्या अक्षरांत प्रश्न विचारतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा सुरू होत होत्या. एसटीला जाण्यापूर्वी तिने मला लॅपटॉपसमोर बसवले.

"मामाजी, आता पाच-सहा प्रश्न विचारील. कुठे ठेवू, भाषा कोणती, असेच. वाचा आणि उत्तर द्या. अडलं तर सांगा, मी संध्याकाळी पाहते."

"वाचून उत्तर देण्याची सूचना मला देण्याचे कारण नाही," मी म्हणालो. ती हसली आणि गेली.

पहिला प्रश्न भाषेचा, त्याचे उत्तर दिले. दुसरा जागेचा, दिले. तिसऱ्या ठिकाणी पेटीने एक करारपत्र माझ्यासमोर ठेवले. इंग्रजी, बारीक, सतरा कलमांचे. तळाशी प्रश्न, मान्य आहे की नाही.

मी ते वाचले. पहिल्या दिवशी आठ कलमे झाली, दुसऱ्या दिवशी नऊ. जे वाचले त्याने डोक्यात जाळ झाला. कलम सहामध्ये लिहिले होते की ही वस्तू जशी आहे तशी दिली आहे, ती कोणत्याही उपयोगाची आहे अशी हमी नाही, आणि ती चालेलच असेही नाही. आठवडी बाजारात वांगी विकणारी बाईसुद्धा असे म्हणत नाही; ती निदान आतून किडकी निघाली तर बदलून देईन म्हणते. कलम नऊमध्ये होते की कंपनी केव्हाही, न कळवता, या कराराच्या अटी बदलू शकेल. आणि कलम चौदा असे की कोणताही वाद उद्भवल्यास तो समुद्रापलीकडच्या एका शहरातील न्यायालयातच चालेल. बुलढाण्याला जिल्हा न्यायालय आहे. मी तिथे नोकरी केली आहे. त्याच्या पायऱ्या मला पाठ आहेत. आणि या नऊ मुलींच्या वाचनालयाने एका यादीसाठी समुद्र ओलांडावा.

मी 'नाही' असे उत्तर दिले. पेटी थांबली.

हे मला गैर वाटले नाही. कोणत्याही करारात एक पक्ष नाही म्हणाला की दुसरा पक्ष बोलणी सुरू करतो. मी कंपनीला सहा पानी पत्र लिहिले, कलम सहा, नऊ व चौदा यांत दुरुस्ती सुचवली, चौदामध्ये परदेशी शहराच्या जागी बुलढाणा घालून दिले आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. मग दररोज सकाळी पेटीला पुन्हा विचारू लागलो, दुरुस्ती आली असेल म्हणून. दररोज तेच सतरा कलमांचे करारपत्र येई, दररोज मी ते पुन्हा संपूर्ण वाची, कारण कलम नऊप्रमाणे मधल्या काळात ते बदललेले असू शकत होते. आणि नाही म्हणे.

सूनबाई संध्याकाळी येऊन विचारी, "झालं का मामाजी?"

"नाही. पुन्हा थांबले."

खोटे मी काही बोललो नाही. तिला जो प्रश्न विचारायचा होता तो तिने विचारला, मी त्याचे उत्तर दिले. ती बिचारी हातपाय न धुता लॅपटॉपशी बसे. पेटीत जागा आहे का पाहिले, होती. परवानगी दिली आहे का पाहिले, दिली होती. एक दिवस तिने पेटी उघडून आतली धूळ ब्रशने झाडली. शेजारची बाई पुन्हा आली, म्हणाली, "टाकी घातली का वं जात्याले?"

वाचनालयात दुसरीकडे काम चालूच होते. मुलींनी अभ्यास सांभाळून दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही, म्हणजे कोणते पुस्तक आले आणि कोणी नेले याच्या दोन्ही वह्या, पाळीपाळीने सूनबाईच्या दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून काढल्या. दोन हजारांवर पुस्तके. बोटे दुखली म्हणाल्या, पण एकही ओळ सोडली नाही. पंच सोमवारी यायचे होते. गुरुवारी ती हुशार मुलगी खिडकीशी उभी राहून मला म्हणाली, "आबा, खोली जाईन का हो?"

"कायद्याने जाऊ शकत नाही," मी सवयीने म्हणालो.

"पण कायदा तं तुमीच लिवला म्हणतात."

 पुस्तके सारखी करण्याचे निमित्त करून मी कपाटाकडे वळलो.

त्याच संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आता लॉग पाहते. आधीच पाहायला पाहिजे होता."

"लॉग म्हणजे?"

"पेटी काय काय झालं ते रोजचं लिहून ठेवते, वेळ टाकून."

"रोजनामा," मी म्हणालो. न्यायालयात प्रत्येक प्रकरणाचा असाच रोजनामा असतो; कोण हजर होते, काय झाले, पुढची तारीख. ही पेटी रोजनामा लिहिते हे ऐकून मला तिच्याबद्दल आदर वाटला.

सूनबाई वाचू लागली आणि वाचता वाचता हळू झाली. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सात दिवस, सात नोंदी, सकाळची साडेनऊची वेळ, आणि प्रत्येक नोंदीत एकच वाक्य: वापरकर्त्याने करार अमान्य केला, सबब काम थांबविले.

"मामाजी. तुम्ही नाही म्हणत होता?"

"अर्थात."

"रोज?"

"रोज वाचून."

 स्वयंपाकघरातून बायको बोलली. "त्याले काय ईचारते. लग्नाच्या वक्ताले माह्या बापानं तीन चकरा मारल्या बीबी गावावरून. हे घरात बसून पत्रिकेचा मजकूर दुरुस्त करून राह्यले होते."

"मामाजी," सूनबाई म्हणाली, आणि तिने आवाज फार सांभाळला, हे मला तेव्हाही कळले, "हे कोणीच वाचत नाही. सगळे हो म्हणतात. मी आयुष्यात शंभरदा म्हटलं असेल."

"त्याचीच तर मला लाज वाटते," मी म्हणालो. आणि मग जे बोलायचे नव्हते तेही बोललो. माझ्या आईने एका कागदावर अंगठा दिला होता. खाली लिहिले होते, 'वाचून दाखविले, समजले, कबूल.' कोणी वाचून दाखवले नव्हते. त्या एका ओळीने विहिरीवरचा आमचा पाणी घेण्याचा हक्क गेला. मी शिकलो तो ती ओळ वाचता यावी म्हणून. नोकरीत कोणाचाही अंगठा मी पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय घेतला नाही. लोक कंटाळून जांभया देत, तरी घेतला नाही. आता म्हातारपणी एका पेटीसमोर न पटलेल्याला पटले म्हणू?

 बायकोने बाहेर येऊन माझ्यासमोर चहा ठेवला, जो मी मागितला नव्हता.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "पन त्या पोरीईचं बी बरोबर हाय. दोनी बरोबर असले तं कोर्टात काय करता?"

"हरकत नोंदवून घेतात," मी म्हणालो. "पक्ष हरकत राखून कबूल होतो. काम थांबत नाही आणि हक्कही बुडत नाही."

मी सूनबाईकडे पाहिले. "हरकत राखून मान्य, असे लिहिता येईल काय?"

"नाही हो. फक्त हो किंवा नाही. तिसरं लिहिलं तर पुन्हा तोच प्रश्न विचारते." ती पुन्हा माहितीपत्रक चाळू लागली. बराच वेळ चाळत राहिली आणि मग सरळ बसली. "मामाजी, एक मूक पद्धत आहे. यात पेटी काही विचारतच नाही. आपण सगळी उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून द्यायची. ती फाइल वाचते आणि काम करते."

"लेखी जबाब."

"तेच समजा. आणि त्या फाइलीत ज्या ओळीच्या सुरुवातीला ही जाळीसारखी खूण असते, ती ओळ पेटी वाचत नाही. माणसांसाठी असते. पण फाइलीत राहते. कायमची."

"रेकॉर्डवर?"

"रेकॉर्डवर."

मी चहा प्यायलो. पक्ष जे ऐकू इच्छित नाही ते रेकॉर्डवर ठेवण्याची सोय ज्याने कोणी त्या यंत्रात केली, तो कुठल्यातरी कचेरीत नाझर असला पाहिजे.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून मी बसलो आणि एका बोटाने लेखी जबाब टंकित केला. त्रेचाळीस ओळी हरकतीच्या. प्रत्येक ओळीच्या आधी जाळीची खूण. कलम सहा, नऊ आणि चौदा यांवरील आक्षेप, आईच्या अंगठ्याचा एका वाक्यात उल्लेख, बुलढाणा न्यायालयाचे अधिकारक्षेत्र, आणि शेवटी, सदर संमती ही केवळ वाचनालयाच्या खोलीच्या रक्षणार्थ व हरकत राखून देण्यात येत आहे. त्याखाली, खूण न लावता, एक ओळ: करार मान्य, होय. ते अक्षर टंकताना मला घाम आला, हे लपवीत नाही.

सूनबाईने रजा टाकली होती. तिने हुकूम दिला. पेटीने लगेच उत्तर दिले: ओळ एकतीस समजत नाही.

एकतिसाव्या ओळीला खूण लावायची राहिली होती. ती ओळ होती, 'हे कलम नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत आहे.'

"वाचली," मी म्हणालो. "एवढ्या पत्रव्यवहारात दुसऱ्या पक्षाने माझी एक तरी ओळ वाचली."

"वाचली, पण समजली नाही म्हणते, मामाजी."

"समजणे कंपनीलाही जमलेले नाही." खूण लावली. पुन्हा हुकूम दिला. पेटीचा आवाज वाढला, मग कमी झाला, आणि लॅपटॉपवर काहीच आले नाही. रिकामी ओळ, लुकलुकणारी रेघ.

"आता?"

"झालं."

"पोच कुठे आहे?"

"मूक पद्धत आहे. काही बोलली नाही म्हणजे झालं."

हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. पोच नसलेले काम मी आयुष्यात झालेले धरलेले नाही. शेवटी माझ्या समाधानासाठी तिने पेटीला विचारले की मागच्या कामाचा निकाल काय. पेटीने एक आकडा लिहिला. शून्य.

"शून्य?"

"शून्य म्हणजे एकही तक्रार नाही."

त्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहिले. मग त्याला आवक क्रमांक दिला.

सोमवारी पंच आले. मधल्या दोन दिवसांत सूनबाईने मुलींनी उतरवलेली यादी पेटीत भरली होती आणि पेटी वाचनालयात, खालच्या कप्प्यात मांडली होती; मुलींनी तिच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून समोर बाक ओढले होते. सरपंच आत आले, चहूकडे पाहिले, वाकून कप्प्यात पाहिले.

"नाझरसाहेब, हे तं नुसतं डब्बं हाय. पडदा कुठी हाय? ठरावात पडद्यावर म्हटलं हाय. तुमीच म्हटलं."

"म्हटले आहे," मी म्हणालो. "आणि पंचांसमक्ष असेही म्हटले आहे. बसा."

मुलींनी एकाच वेळी आपापले मोबाइल काढले. नऊ पडद्यांवर वाचनालयाचे नाव आले, खाली शोधायची चौकट. पंचांपैकी एकाने चष्मा पुसून पाहिले. सरपंच म्हणाले, "हे तं मोबाइल हाय पोरीईचे."

ती हुशार मुलगी उठली आणि आपला मोबाइल त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "दादा, यादी डब्ब्यात हाय, मोबाइल फक्त ईचारते. तुमीच ईचारून पाहा ना. कोनतं पुस्तक पायजे?"

सरपंचांनी थोडा विचार करून बोटाने लिहिले: कुस्ती. पेटी कप्प्यात जरा मोठ्याने घरघरली. पडद्यावर एकच पुस्तक आले, कुस्तीच्या डावपेचांचे, सचित्र. त्यापुढे कपाट तिसरे. त्यापुढे, उपलब्ध नाही. त्यापुढे, वाचकाकडे. आणि त्यापुढे वाचकाचे नाव, जे सरपंचांचे होते, आणि पुस्तक नेल्याची तारीख, जेव्हा ते सरपंच नव्हते आणि त्यांचे पोटही नव्हते.

देवघेव नोंदवही उतरवताना मुलींनी एकही ओळ सोडली नव्हती, हे मी वर लिहिलेच आहे. या पुस्तकाबद्दल मी सरपंचांना तीन स्मरणपत्रे पाठवली होती. तिन्हींच्या स्थळप्रती माझ्या पिशवीत होत्या, परंतु मी पिशवीला हात लावला नाही.

एका पंचाने मोबाइलमध्ये डोकावून पाहिले आणि खोकला आल्यासारखे केले. सरपंचांनी मोबाइल त्या मुलीला परत दिला.

"चालू हाय," ते म्हणाले. "चालू हाय म्हून लिवा. कुठी सही करू?"

ग्रामसेवकांनी अहवालाचा कागद पुढे केला. तो मीच लिहिला होता, दोन पाने. सरपंचांनी पेन उघडले.

"आधी वाचा," मी म्हणालो.

"काय वाचायचं त्यात. तुमीच लिवलं ना."

"म्हणूनच वाचा."

नऊ मुली, चार पंच आणि ग्रामसेवक थांबले. सरपंच ओळीवर बोट ठेवून वाचू लागले, ओठ हलवीत. खोली अभ्यासिका व वाचनालय यांकडे कायम राहील, या वाक्यापाशी त्यांचे बोट थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मुलींकडे पाहिले, आणि भिंतीकडे, जिथे त्यांना मल्लखांब बसवायचा होता.

"मले हे पटत नाई हो, नाझरसाहेब. चालू हाय ते खरं. पन पोरायले व्यायामशाळा पायजेच. याच्यात सही केली तं मी पटलं म्हटल्यासारखं होते."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि समासातली कोरी जागा दाखवली. "इथे लिहा. हरकत राखून मान्य."

"असं चालते?"

"चालते."

त्यांनी लिहिले. अक्षर मोठे आणि पैलवानी, समासात मावले नाही, म्हणून खाली वळले. मग सही केली. व्यायामशाळेसाठी दुसरी जागा मिळावी असा अर्ज त्यांना मी त्याच बाकावर बसून लिहून दिला, दीड पानी. त्यात कोणतीही सबब न ऐकता हे शब्द घातले नाहीत.

कुस्तीचे पुस्तक चौथ्या दिवशी आले. आतल्या पानांवर तेलाचे डाग होते. त्या मुलीने मोबाइलवर ते जमा केले, कपाट तिसऱ्यात ठेवले आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली.